पाणी उकळलं, भाकरीचं काय?

(भोकर येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, विषय काय छापू?" मी म्हणालो, "चूल." पलीकडे जरा शांतता पसरली. मग अदबीनं प्रश्न आला, "चूल म्हणजे, चूल आणि मूल, त्यातली का?" म्हटलं, नाही हो. चूल म्हणजे चूल. मातीची, तीन दगडांची, वैल असलेली, नसलेली. तिच्यात किती जळतण जातं, त्यातली किती उष्णता भांड्याला लागते आणि किती धूर आपल्या आयाबायांच्या छातीत जातो, हे मोजायचं कसं, एवढाच माझा विषय आहे. ते म्हणाले, "बरं, मग 'ऊर्जा' छापतो." पत्रिकेवर 'ऊर्जा' छापलंय. तुम्ही मनात चूल वाचा.

ज्यांच्या नावानं ही माला चालते ते गुरुजी विज्ञान शिकवायचे असं मला सांगण्यात आलं. मीही आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, आणि मधली काही वर्षं चुलींच्या चाचण्या करण्यात घालवली. तेव्हा एका मास्तरानं दुसऱ्या मास्तराच्या स्मृतीत केलेली ही बडबड समजा.

आधी एक प्रसंग सांगतो. याच तालुक्यातलं एक गाव, मार्च महिना. आम्ही एक नवी चूल दाखवायला नेली होती. अंगणात ती मांडली, वजनकाटा ठेवला, लाकडं मोजून बाजूला रचली, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाच लिटर पाणी मोजून घेतलं, त्यात तापमापक सोडला आणि चूल पेटवली. घरची मावशी उंबऱ्यात बसून बघत होती. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, ह्या पाण्यात काय टाकायलाव?"

म्हटलं, "काही नाही मावशी. नुसतं उकळायचंय."

"आन् मंग?"

"मग उरलेलं मोजायचं आणि ओतून द्यायचं."

मार्चात! मराठवाड्यात! पाच लिटर पाणी ओतून द्यायचं! ती काही बोलली नाही. चाचणी संपल्यावर तिनं ते पातेलं उचललं आणि गरम पाणी लेकरांच्या अंघोळीला नेलं. माझ्या वहीत त्या पाण्याला दोनच रकाने होते, वाफ होऊन गेलेलं आणि भांड्यात उरलेलं. अंघोळीचा रकाना नव्हता.

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. आजचं व्याख्यान म्हणजे तेच उत्तर, जेवढं सापडलं तेवढं.

पहिला मुद्दा असा, की प्रयोगशाळा हवीच कशाला? आपल्या आज्या-पणज्यांनी काय प्रयोगशाळेत जाऊन चुली घातल्या? आणि "घरोघरी मातीच्या चुली" म्हणताना कुणी त्यांची कार्यक्षमता विचारली होती का?

नव्हती विचारली. पण विचारायला सुरुवात झाली ती आपल्याच आसपास, हे फार जणांना ठाऊक नसतं. आपण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतो. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या चुलीवर एक पुस्तिका काढली, 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स'. त्यांच्या चुलीला प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून 'हर्ल चुला' म्हणत. मातीचीच, पण धुराडं असलेली. त्याआधी, १९४७ च्या सुमारास, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी 'मगन चूल' केली होती. म्हणजे एक दक्षिणेला, एक उत्तरेला, आणि मधोमध आपण. तरीही आपल्या तालुक्यात त्यातली एक चूल पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. या सभागृहात कुणी असेल तर नंतर मला जरूर भेटा.

आता, डोळ्यांना न दिसणारी कोणती गोष्ट प्रयोगशाळेला दिसते? ही गोष्ट मला स्वतःला चकित करून गेली होती, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्याला वाटतं, तीन दगडांची चूल धूर ओकते म्हणजे तिच्यात लाकूड नीट जळतच नाही. मोजून पाहिलं तर चित्र निराळं निघतं. अगदी उघड्या चुलीतही लाकडातली नव्वद टक्क्यांच्या वर ऊर्जा जळून मोकळी होते. जळतं छान. मग भांड्यापर्यंत जेमतेम दहा-पंधरा टक्केच का पोचते? कारण बाकीची उष्णता भांड्याच्या कडेनं निघून जाते, वाऱ्यानं जाते, मातीत मुरते, आणि आपल्या तोंडावर येते. म्हणजे सरपण वाया जातं ते उष्णता भांड्याला लागत नाही म्हणून. आणि धूर? धूर आहे त्या न जळलेल्या उरल्यासुरल्या पाच-सात टक्क्यांचा. एवढ्याशा टक्क्यांचा! पण माणूस आजारी पडतो तो त्यानंच.

दोन वेगळी दुखणी आहेत ही. चुलीचं तोंड लहान करा, भांडं ज्वाळेच्या जवळ आणा, फट अरुंद करा, उष्णता भांड्याला जास्त लागेल आणि लाकूड वाचेल. पण हवा कोंडली, ज्वाळा गार भांड्याला लागून अर्धवट विझली, तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड उलट वाढेल. सरपण वाचवणारी चूल जास्त विषारी असू शकते. हे फुंकणी हातात घेतलेल्या बाईला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तिथं यंत्रच लागतं. म्हणून प्रयोगशाळा हवी. मी तिच्या विरुद्ध बोलायला उभा नाही. माझं अन्न तिनंच शिजवलंय.

धुराचं हे मोजमाप स्वयंपाकघरात प्रथम आणणाऱ्यांपैकी एक होते अमेरिकेचे कर्क स्मिथ. १९८१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच छोटी यंत्रं लावली. बाई जिथं श्वास घेते तिथली हवा मोजायची, भिंतीवरची नाही. आकडा आला घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम धुळीचा. शहरातल्या भरचौकातली हवाही त्यापुढे स्वच्छ म्हणावी. स्मिथ २०२० मध्ये गेले. शेवटपर्यंत ते भारताच्या चुलींबद्दल बोलत राहिले.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. हा जरा गणिताचा आहे. मुलांनो, मागं सरकू नका, वजाबाकी-भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

चुलीची परीक्षा घेण्याची जगभर रुळलेली रीत म्हणजे पाणी उकळण्याची चाचणी. पाणी मोजून घ्यायचं, उकळायचं, मग पाऊण तास मंद उकळत ठेवायचं. लाकडाचं वजन, त्याची ओल, उरलेला कोळसा, उडालेली वाफ, सगळं मोजायचं. पाण्यानं घेतलेली उष्णता भागिले लाकडानं दिलेली उष्णता, की झाली कार्यक्षमता.

समजा पाच लिटर पाणी आहे, २५ अंशांचं. आपल्याकडे ते शंभराला उकळत नाही बरं का. आपण समुद्रसपाटीपासून उंचावर आहोत, साडेअठ्ठ्याण्णव-नव्याण्णवलाच उकळी फुटते. पाणी तिथवर न्यायला लागतात साधारण १.५ मेगाज्यूल. आता दीड किलो लाकूड जळलं असं धरा. किलोला १५ मेगाज्यूल या हिशेबानं चुलीत गेले २२.५. भागाकार करा. सात टक्केही येत नाहीत. पण थांबा, त्या वेळात अर्धा लिटर पाणी वाफ होऊन उडालं. अर्धा लिटर पाण्याची वाफ व्हायला लागते १.१३ मेगाज्यूल उष्णता. तीही 'उपयोगी' म्हणून जमेला धरली जाते. झाली कार्यक्षमता बारा टक्के!

वाफेनं काय शिजवलं? काही नाही. आढ्याला गेली. पण गुणपत्रिकेत सातचे बारा झाले. आपल्या घरी वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवतात, झाकणात पाणी घालतात, ते गरम झालं की वरणात ओततात. वाफ वाचवणारी ती बाई या परीक्षेत कमी गुण मिळवणार, आणि भसाभसा वाफ उडवणारी चूल वरचा नंबर काढणार!

आपल्या भारतीय मानकानं हे ओळखलं होतं. आय. एस. १३१५२, पहिलं १९९१ चं, सुधारलेलं २०१३ चं. त्यात पाणी उकळूच देत नाहीत. ९५ अंशांवर गेलं की ते भांडं उतरवायचं आणि गार पाण्याचं दुसरं चढवायचं. वाफेचा घोळ मिटला. पण मग मंद आचेवर रटरटणाऱ्या वरणाचं काय? ती परीक्षा राहूनच गेली. या मानकाप्रमाणे साध्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के हवी आणि पंख्याच्या, म्हणजे पंख्यानं हवा फुंकणाऱ्या, चुलीची ३५ टक्के. धुराचे कण भांड्यात पोचलेल्या दर मेगाज्यूलमागे साध्या चुलीला ३५० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, पंख्याच्या चुलीला १५० पर्यंत. आकडे चांगले आहेत. कुणाच्या स्वयंपाकाचे, एवढंच मला विचारायचंय.

उरलेल्या कोळशाचंच बघा. पाणी उकळण्याच्या चाचणीत चुलीत उरलेले निखारे विझवून वजन करतात आणि त्यांची ऊर्जा जळणातून वजा करतात. हे जळलंच नाही, म्हणजे वाचलं, असं धरून. कोळसा लाकडाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जेचा, त्यामुळे मूठभर निखाऱ्यानं चुलीचे गुण चांगले वर सरकतात. ठीक आहे, कागदावर वाचलं. पण आपल्या घरात निखारे वाचतात का? आपल्याकडे तेच कामाला येतात. तव्यावर एक बाजू झाली, पाणी फिरवलं, उलटली, की भाकर उतरवून चुलीच्या तोंडाशी इंगळासमोर उभी करायची. तिथं ती फुगते. इंगळावर वांगं भाजायचं. मागं सारलेल्या आरावर दूध ठेवायचं, ते रात्रभर तापून साईला येतं. आणि निजताना आर राखेत पुरून ठेवायचा, सकाळी आगपेटी लागत नाही. प्रयोगशाळेत जे 'शिल्लक' आहे, ते स्वयंपाकघरात अर्धा स्वयंपाक आहे.

आणि आता भाकरीवरच येतो, कारण मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे.

पुण्याच्या आरती या संस्थेनं, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञानवाल्यांनी, १९९६ पासून चुलींवर मोठं काम केलं. संस्थापक डॉ. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ, महर्षी कर्व्यांचे नातू. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या त्यांच्या कामाला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशावर चालणारा त्यांचा 'सराई' कुकर मी वापरला आहे. जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम कोळशावर चार-पाच माणसांचा भात, वरण, भाजी वाफेवर शिजते. मूठभर कोळशावर! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली.

पण त्यात भाकर होत नाही. वाफेवर भाकर कशी होणार? पुण्याच्या घरात चालून जाईल. भोकरच्या घरात ज्या जेवणात भाकर नाही त्याला जेवण म्हणायचं का, हे तुम्हीच सांगा. आता सराईची परीक्षा घ्यायची ती कशी? पाणी उकळून घ्याल तर तो पहिला येईल. रानात जायच्या आधी पहाटे दहा भाकरी थापायच्या असतील, तर त्याला परीक्षेलाच बसता येणार नाही. आणि मातीची चूल? पाण्याच्या परीक्षेत नापास, भाकरीच्या परीक्षेत पहिली. विद्यार्थी तेच, प्रश्नपत्रिका बदलली.

जळतणाचंही तेच. प्रयोगशाळेत एकाच जातीचं, एकाच जाडीचं, वाळवलेलं लाकूड. आपल्याकडे काय असतं? कापूस निघाला की पऱ्हाट्या, मग तुराट्या, वर्षभर गोवऱ्या, कधी किनवटच्या बाजूचं लाकूड, आणि पावसाळ्यात जे मिळेल ते ओलं. पऱ्हाटी भडभड पेटते आणि विझते, तिच्यापाशी बसून राहावं लागतं. गोवरी धुमसते पण टिकते. बाई काय करते? तळाला गोवरी, वर तुराटी. भाकरीला ज्वाळा हवी तेव्हा तुराटी सारते, वरण रटरटायला हवं तेव्हा मागं ओढते. हा तिचा हात चुलीचा भाग आहे की नाही? मी म्हणतो, आहे. पंख्याच्या चुलीला बोटाएवढे तुकडे लागतात. ते तोडणार कोण आणि कधी? आपल्या महाराष्ट्र-कर्नाटकात 'ऊर्जा' नावाची पंख्याची चूल लाखोंनी विकली गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचं डोकं तिच्यामागे होतं, चाचणीत ती उत्तम होती. तिला शेतमालाच्या टाकाऊ भागापासून केलेल्या गोळ्या लागत. गोळ्या महागल्या, आणि चुली माळ्यावर गेल्या.

म्हणून तिसरी गोष्ट सांगतो. खरं म्हणजे ही नवी नाहीच. १९८५ मध्येच व्हिटा या संस्थेनं चुलींच्या तीन परीक्षा सांगितल्या होत्या. पहिली पाण्याची. दुसरी, त्या भागातल्या बाईकडून त्या भागातला ठरावीक स्वयंपाक करून घ्यायची. तिसरी, घरोघर जाऊन रोज किती सरपण जातं ते दिवसच्या दिवस मोजायची. तीन परीक्षा सांगितल्या, आणि जगानं बहुतेक वेळा पहिलीच घेतली. का? कारण ती स्वस्त आहे, एका खोलीत होते, आणि तिचा आकडा स्वच्छ येतो. दुसरीला बाई लागते. तिसरीला गाव लागतं, धीर लागतो, आणि आकडे ओबडधोबड येतात.

पहिल्याच परीक्षेवर विसंबून काय होतं? आपल्या सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला, २००२ मध्ये गुंडाळला. सुमारे साडेतीन कोटी चुली बांधल्या गेल्या. तुमच्या गावात त्यातली एक तरी जळती आहे का, आठवून बघा. ओडिशात अर्थतज्ज्ञांनी सुमारे २,६०० घरांमध्ये सुधारित चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीतला धूर खरोखर कमी झाला. पुढे फरक मावळला, आणि सरपणही वाचलं नाही. चुलीला चीर गेली, धुराडं तुंबलं, घरात शेजारी जुनी चूल होतीच. प्रयोगशाळेत नव्या चुलीची परीक्षा होते. चार पावसाळे काढलेल्या चुलीची कुणी घेतो का?

उलट एक उदाहरण सांगतो, आणि ते आपल्याच माणसाचं आहे. अशोक गाडगीळ. मुंबईचे, पदार्थविज्ञानाचे, पुढे अमेरिकेत बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. २००५ च्या अखेरीस ते सहकाऱ्यांबरोबर सुदानच्या दारफूरमध्ये निर्वासितांच्या छावण्यांत गेले. तिथल्या बाया सरपणासाठी तासन्‌तास चालत जात आणि वाटेत त्यांच्यावर हल्ले होत. कमी सरपण म्हणजे कमी फेऱ्या, कमी फेऱ्या म्हणजे कमी हल्ले. गाडगिळांनी काही चुली बरोबर नेल्या, त्यात आपल्या भारतातली 'तारा' चूल होती. आणि परीक्षा कशावर घेतली? असिदावर. असिदा म्हणजे ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट घाटा. ज्वारीच! दारफूरच्या बाईचं आणि आपलं धान्य एकच आहे. असिदा जोर लावून घोटावी लागते, तेव्हा चूल हलते, कलंडते. पाण्याच्या चाचणीत चूल कधी कलंडते का? मग चूल बदलली. घोटताना पक्की राहील अशी केली, तिथल्या गोल बुडाच्या भांड्याला जुळवली, वाऱ्याला आडोसा दिला, आणि तोंड लहान ठेवलं, म्हणजे सवयीनं जास्त लाकूड कोंबता येऊ नये. 'बर्कली-दारफूर' चूल ती हीच. सुटे पत्रे मुंबईत कापले जात आणि दारफूरमध्ये जोडले जात. तीन दगडांच्या मानानं सरपण निम्म्यावर आलं. प्रयोगशाळेतलं काम त्यांनी सोडलं नाही, बर्कलीत वर्षानुवर्षं त्या चुलीचा धूर मोजला गेला. पण प्रश्नपत्रिका छावणीतल्या बाईनं काढली होती.

"सर, आता गॅस आलाय, चूल कुठं राहिली?" असं समोरच्या रांगेत कुणाच्या तरी चेहऱ्यावर दिसतंय. आलाय, आणि यावाच. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, कोट्यवधी घरांत शेगडी गेली. माझं स्वच्छ मत आहे, धुराच्या दुखण्यावर गॅसएवढं उत्तम औषध कोणत्याही लाकडाच्या चुलीत नाही. पण २०२३-२४ पर्यंत तरी उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी तीन-चारच सिलिंडर भरले जात होते. एका सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढी तीन दगडांच्या चुलीवर मिळवायला माझ्या हिशेबानं जवळजवळ अडीच क्विंटल लाकूड लागतं. मग उरलेल्या महिन्यांत त्या घरात काय जळतं? चहा गॅसवर, भाकर चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलांगणावर. चूल गेलेली नाही. गणनेतून गेली आहे.

आणि आता चुलीत पैसा शिरलाय. सुधारित चूल वाटली की कार्बन वाचला, आणि तो वाचलेला कार्बन परदेशातल्या कंपन्यांना विकायचा, असा व्यापार उभा राहिलाय. २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात बर्कलीच्या अभ्यासकांनी दाखवलं, की अशा चुलींच्या नावानं खपवलेली बचत खऱ्या बचतीच्या सुमारे नऊपट फुगवलेली होती. फुगली कुठे? चूल रोज वापरली जाते हे गृहीत धरण्यात. जुनी चूल विझली हे गृहीत धरण्यात. लोकांनी जाळलेलं सरपण जास्त मोजण्यात. म्हणजे तिसरी परीक्षा नीट न घेण्यात. एका मावशीच्या अंगणातली वजनाची चूक आता लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात जाते.

मग काय करायचं? मला शासनाला, विद्यापीठाला काही सांगायचं नाही. समोर महाविद्यालयातली मुलं-मुली बसली आहेत, त्यांच्याकडे एक काम मागतो. तिसऱ्या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो कापूस मोजायचा साधा काटा, आणि तो तुमच्या घरी आहे. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांनी एवढं करा. सरपणाचा, पऱ्हाट्यांचा, गोवऱ्यांचा वेगवेगळा ढीग करा आणि वजन लिहा. चोवीस तासांनी उरलेलं पुन्हा तोला. असे लागोपाठ तीन दिवस. घरात किती माणसं जेवली, लेकरं किती, मोठी किती, भाकरी किती झाल्या, अंघोळीला पाणी तापलं का, गॅस किती वेळ पेटला, तेही लिहा. एकदा उन्हाळ्यात करा, एकदा पावसाळ्यात. वीस घरांच्या अशा वह्या झाल्या की मला कळवा, मी स्वतः येऊन तुमच्याबरोबर बसेन आणि हिशेब मांडेन.

वजन सकाळी चूल पेटायच्या आधी करा. आणि मोजलेल्या ढिगातलं जळतण तीन दिवस शेजारी उसनं देऊ नको, असं आईला आधीच सांगून ठेवा.